सील कशाने मेले?

१९८८ सालच्या एप्रिल महिन्याची गोष्ट. डेन्मार्क आणि स्वीडन यांच्यामध्ये कॅटेगॅट नावाचा समुद्र आहे आणि त्यात आनहोल्ट नावाचे एक छोटे बेट आहे. या बेटाच्या वाळूवर सीलची मेलेली पिल्ले सापडू लागली. तिथल्या सीलच्या विणीचा हंगाम जून-जुलैचा. त्याच्या दोन महिने आधी सापडलेली ही पिल्ले अर्थातच अपुऱ्या दिवसांची होती. माद्यांचे गर्भ पडत होते. थोड्याच दिवसांत मोठे सीलही मरू लागले. त्यांच्या नाका-डोळ्यांतून स्राव वाहत असे, खोकला येत असे, धाप लागत असे. काहींना झटके येत. पाहता पाहता ही लागण नेदरलँड्स, जर्मनी आणि डेन्मार्क यांच्या किनाऱ्यालगतच्या उथळ वाडन समुद्रात शिरली. ऑगस्टमध्ये ती इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील वॉशच्या आखातात पोचली. वर्ष सरेपर्यंत सुमारे १८ हजार सील मेले होते. पुढे अधिक काटेकोर हिशेब झाले तेव्हा हा आकडा २३ हजारांवर गेला. साथ पसरलेल्या अनेक ठिकाणी निम्म्याहून अधिक सील नाहीसे झाले.

आपल्या देशाच्या किनाऱ्यावर सील नाहीत, म्हणून आधी त्यांची थोडी ओळख करून घेऊ. सील हा मासे खाऊन राहणारा सस्तन प्राणी आहे. तो वाघ, कुत्रा, अस्वल यांच्याच मांसाहारी गणातला. पण त्याच्या पायांची वल्ही झालेली असतात. या लेखात मुख्यतः ज्याच्याविषयी लिहिले आहे तो ‘सामान्य सील’ दीड-पावणेदोन मीटर लांब आणि शंभर किलोच्या आसपास वजनाचा असतो. मादीला वर्षाला एकच पिल्लू होते. एरवी पाण्यात एकेकटे फिरणारे हे प्राणी ओहोटीच्या वेळी वाळूच्या उंचवट्यांवर दाटीने येऊन पडतात. पिल्ले पाजण्यासाठी आणि उन्हाळ्याच्या अखेरीस जुने केस गळून नवे येण्यासाठी त्यांना कोरडी जागा लागते. संशोधक त्यांची मोजणी करतात तीही याच वेळी, विमानातून छायाचित्रे घेऊन. त्या वेळी काही सील पाण्यात असतात, त्यामुळे मोजलेल्या आकड्यात त्यांचा अंदाज मिळवावा लागतो. सीलच्या या सवयी नीट लक्षात ठेवू, कारण पुढच्या तपासात त्यांचा उपयोग होणार आहे.

तीन संशयित

सुट्टीच्या दिवसांत किनाऱ्यावर आलेल्या लोकांसमोर लाटांबरोबर मेलेले सील येऊन पडत होते. साहजिकच लोक विचारू लागले, हे कशामुळे? बहुतेकांच्या तोंडी एकच उत्तर होते : प्रदूषण. ते अगदीच निराधार नव्हते. ऱ्हाईन आणि एल्ब या नद्या युरोपातल्या कारखान्यांचे सांडपाणी घेऊन उत्तर समुद्राला मिळतात. दोनच वर्षांपूर्वी, १९८६ मध्ये, स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे रसायनांच्या गोदामाला आग लागली होती आणि विझवण्याच्या पाण्याबरोबर विषारी द्रव्ये ऱ्हाईनमध्ये उतरून असंख्य मासे मेले होते.

दुसरा संशयितही समोर होता. १९८८ च्या मे महिन्यात कॅटेगॅट आणि लगतच्या स्कॅगेरॅक समुद्रात एका सूक्ष्म विषारी शैवालाची बेसुमार वाढ झाली आणि मासे मेले. शैवालाचे विष माशांतून सीलमध्ये गेले असेल का?

तिसरी शक्यता संसर्गजन्य रोगाची.

आपण तपास करत असतो तर सुरुवात कुठून केली असती? सर्वांत स्वस्त साधन म्हणजे दिनदर्शिका. शैवालाची वाढ मे महिन्यातली आणि पहिले मृत्यू एप्रिलमधले. कारण परिणामाच्या आधी यायला हवे. एवढ्या एका गोष्टीने शैवालावरचा संशय जवळजवळ फिटला. नकाशाही बोलका होता. विष सांडले असते तर सांडल्या जागेजवळ जास्त आणि दूर कमी मृत्यू झाले असते. इथे मृत्यू एका वसाहतीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत, काही आठवड्यांच्या अंतराने सरकत होते. असे पसरणे संसर्गाचे असते.

रक्ताची साक्ष

पण संसर्ग कशाचा? मेलेल्या सीलच्या फुप्फुसांत न्यूमोनियाच्या खुणा होत्या. त्यांत निरनिराळे जिवाणू सापडले, हर्पिस जातीचा विषाणूही सापडला. इथे एक सापळा असतो. आजारी शरीरात एखादा जंतू सापडला म्हणजे तोच रोगाचे कारण, असे म्हणता येत नाही. घराचे दार आधीच कोणी तोडले असेल तर मागाहून कोणीही आत शिरतो. या सीलच्या लसिका ग्रंथींत पांढऱ्या पेशींची संख्या खूप घटलेली होती. म्हणजे दार तोडणारा कोणी वेगळाच होता.

नेदरलँड्समधील विषाणुशास्त्रज्ञ आल्बर्ट ओस्टरहाउस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्तद्रव तपासले. शरीरात विषाणू शिरला की त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात आणि ती पुढे बराच काळ रक्तात राहतात. प्रतिपिंडे म्हणजे त्या विषाणूशी गाठ पडल्याची नोंदच. आजारी पडलेल्या आणि आजारातून वाचलेल्या सीलच्या रक्तात, कुत्र्यांना होणाऱ्या डिस्टेंपर या रोगाच्या विषाणूला निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे आढळली. साथीपूर्वी घेऊन ठेवलेल्या त्या भागातल्या सीलच्या नमुन्यांत ती नव्हती. १९८८ च्या सप्टेंबरमध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. म्हणजे पहिले मृत्यू दिसल्यापासून पाचच महिन्यांत.

तरीही एक पायरी उरली होती. प्रतिपिंडे असणे हा पुरावा झाला, सिद्धता नव्हे. मग एक प्रयोग करण्यात आला. काही सीलना कुत्र्यांच्या डिस्टेंपरची, मारलेल्या विषाणूची लस टोचली, काहींना टोचली नाही. नंतर दोन्ही गटांना साथीत मेलेल्या सीलच्या अवयवांपासून केलेले द्रावण दिले. लस टोचलेले सील निरोगी राहिले, न टोचलेले आजारी पडले. लस फक्त एका जातीच्या विषाणूपासून संरक्षण देते. जिवाणूंपासून नाही, हर्पिसपासून नाही, पीसीबीपासून तर नाहीच. तेव्हा मुख्य कारण कोणते हे स्पष्ट झाले.

पुढे रेणूंच्या पातळीवर तपासणी झाली तेव्हा कळले की, हा विषाणू कुत्र्यांच्या डिस्टेंपरचा जवळचा भाऊबंद असला तरी तोच नव्हे. त्याला ‘सील डिस्टेंपर विषाणू’ असे नाव मिळाले. त्याच सुमारास, १९८७-८८ मध्ये, सैबेरियातल्या बैकल सरोवरातही हजारो सील मेले होते. त्यांच्यातला विषाणू मात्र खरोखरच कुत्र्यांचा निघाला. लक्षणे सारखी, काळ सारखा, तरी दोन साथी वेगळ्या!

घराणे आपल्या ओळखीचे

या विषाणूंचे घराणे आपल्याला परके नाही. माणसाचा गोवर, गुरांची बुळकांडी, शेळ्या-मेंढ्यांचा पीपीआर आणि कुत्र्यांचा डिस्टेंपर हे सारे एकाच कुळातल्या विषाणूंचे रोग आहेत. बुळकांडीने एके काळी आपल्याकडचे गोठेच्या गोठे ओस पाडले. जगभर गुरांना लसी टोचून तिचे निर्मूलन झाल्याचे २०११ मध्ये जाहीर झाले. गीरच्या जंगलात २०१८ मध्ये वीसहून अधिक सिंह मेले, त्यामागेही डिस्टेंपरचाच विषाणू आढळला.

या कुळातल्या विषाणूंचा एक विशेष आहे. ते एकदा होऊन गेलेल्या प्राण्याला सहसा पुन्हा पकडत नाहीत आणि प्राण्याच्या शरीरात वर्षानुवर्षे दबा धरूनही बसत नाहीत. त्यांना जगायचे तर रोज नवे, अजून रोग न झालेले शरीर हवे. गोवराचा अभ्यास सांगतो की, अडीच ते पाच लाखांपेक्षा लहान वस्तीत गोवर कायमचा टिकत नाही. रोग होण्याजोगी मुले संपतात आणि साथ आपोआप विझते. मग बाहेरून पाहुणा येईपर्यंत तिथे गोवर नसतो.

हेच गणित सीलला लावू. उत्तर समुद्राच्या परिसरातील सामान्य सील काही दहा हजारांच्या घरात. म्हणजे हा विषाणू तिथे कायम राहूच शकत नाही. तो बाहेरून आला असला पाहिजे. कुठून?

याचे उत्तर शीतपेट्यांत होते. वेगवेगळ्या कामांसाठी पूर्वी घेऊन गोठवून ठेवलेले उत्तर ध्रुवाकडील सीलच्या रक्ताचे नमुने बाहेर काढून तपासले गेले. ग्रीनलंडकडच्या हार्प सीलच्या रक्तात १९८८ च्या आधीपासूनच प्रतिपिंडे होती. हार्प सीलची संख्या लाखांत मोजतात. एवढ्या मोठ्या समाजात विषाणू सुखाने फिरत राहू शकतो. आणि १९८७ मध्ये हार्प सीलचे मोठे थवे आपला नेहमीचा प्रदेश सोडून दक्षिणेला नॉर्वेच्या किनाऱ्यापर्यंत उतरले होते. त्यांनीच विषाणू आणला असावा, असे आज बहुतेक संशोधक मानतात. रक्ताचे ते नमुने ज्यांनी जपून ठेवले त्यांना या साथीची कल्पनाही नव्हती. नीट चिठ्ठी लावून ठेवलेला नमुना पुढे कोणत्या प्रश्नाचे उत्तर देईल हे आधी सांगता येत नाही.

मग प्रदूषण निर्दोष?

विषाणू सापडला, खटला संपला असे अनेकांना वाटले. पण एक प्रश्न शिल्लक होता. एकच विषाणू वॉशच्या आखातात निम्मे सील मारतो आणि स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर फारच थोडे, हे कसे?

पीसीबी आणि डीडीटी यांसारखी क्लोरीनयुक्त संयुगे पाण्यात विरघळत नाहीत, चरबीत विरघळतात. ती सहजी विघटित होत नाहीत. प्लवकांतून लहान माशांत, त्यांतून मोठ्या माशांत आणि त्यांतून सीलमध्ये जाताना दर पायरीला त्यांचे प्रमाण वाढत जाते. सीलच्या कातडीखाली चरबीचा जाड थर असतो. तिथे ती साठून राहतात. सीलच्या दुधात निम्म्याच्या आसपास चरबी असते, त्यामुळे आईचा हा साठा पिल्लाला पहिल्याच आठवड्यापासून मिळू लागतो.

साथीच्या आधीच, १९८६ मध्ये, डच संशोधक पीटर रेंडर्स यांनी एका प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले होते. त्यांनी सीलच्या माद्यांचे १२-१२ चे दोन गट पाळले. एका गटाला वाडन समुद्रातले प्रदूषित मासे आणि दुसऱ्याला अटलांटिकमधले तुलनेने स्वच्छ मासे दिले. पहिल्या गटातील फार कमी माद्यांना पिल्ले झाली. पण या प्रयोगातून कळले ते प्रजननाविषयी, रोगप्रतिकाराविषयी नव्हे.

साथीनंतर नेदरलँड्समध्येच दुसरा प्रयोग झाला. स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावरून, म्हणजे बऱ्यापैकी स्वच्छ पाण्यातून, सीलची पिल्ले आणली. ११ सीलना बाल्टिक समुद्रातले हेरिंग मासे आणि ११ सीलना अटलांटिकमधले हेरिंग, असे दोन-अडीच वर्षे चारले. बाल्टिकचे मासे खाणाऱ्या सीलच्या रक्तातील, विषाणूबाधित पेशींना मारणाऱ्या नैसर्गिक मारक पेशींची क्षमता कमी झाली. टी-पेशींचा प्रतिसादही मंदावला. यातली नोंद घेण्याजोगी गोष्ट अशी की, दोन्ही प्रकारचे मासे माणसांच्या खाण्यासाठीच बाजारात आलेले होते.

म्हणजे प्रदूषण दोषी ठरले का? अजून नाही. दोषाची बाजू मांडताना काही संशोधकांनी मेलेल्या आणि वाचलेल्या सीलच्या चरबीतील पीसीबीची तुलना केली. मेलेल्यांत ते जास्त आढळले. इथे क्षणभर थांबायला हवे. आजारी सील खात नाही; तो आपली चरबी जाळून जगतो. चरबी घटते, पण तिच्यातले पीसीबी तितके घटत नाही. साखरेचे पाणी आटवल्यावर ते अधिक गोड लागते, तसेच हे. तेव्हा जास्त पीसीबीमुळे सील आजारी पडले, की आजारी पडल्यामुळे पीसीबीचे प्रमाण जास्त दिसले? नुसत्या तुलनेवरून सांगता येत नाही. म्हणूनच दोन गटांना वेगवेगळे मासे चारण्याच्या त्या खर्चिक, कंटाळवाण्या प्रयोगाला मोल आहे.

चौदा वर्षांनी

यानंतर निसर्गानेच दुसरा प्रयोग मांडला. २००२ च्या मे महिन्यात त्याच आनहोल्ट बेटावर पुन्हा सील मरू लागले. या वेळी संशोधक तयार होते. तोच विषाणू असल्याचे लवकरच सिद्ध झाले. या साथीत सुमारे ३० हजार सील मेले.

मधल्या काळात काय झाले होते? १९८८ नंतर वाचलेल्या सीलची संख्या वर्षाला १२-१३ टक्क्यांनी वाढत होती. वाचलेल्यांच्या रक्तात प्रतिपिंडे होती, पण दरवर्षी जन्मणारी पिल्ले विषाणूशी गाठ न पडलेली. जुने सील मरत गेले, नवे येत गेले आणि २००२ पर्यंत प्रतिपिंडे असलेले सील शेकडा पाचही उरले नाहीत. समाजाची प्रतिकारशक्ती अशी कोणाच्या लक्षात न येता ओसरत जाते. गोवराची लस दरवर्षीच्या नव्या बाळांना का द्यावी लागते, याचे उत्तर यातच आहे. सीलचे वय कसे कळते, असे विद्यार्थी विचारतील. सुळ्याचा पातळ काप घेतला तर झाडाच्या खोडासारखी वर्षागणिक वलये दिसतात. ब्रिटिश संशोधक रिचर्ड लॉज यांनी १९५२ मध्ये हत्ती सीलवर काम करताना ही रीत दाखवून दिली.

२००२ पर्यंत युरोपने पीसीबीवर निर्बंध आणून बराच काळ लोटला होता आणि सीलच्या शरीरातील त्याचे प्रमाण उतरले होते. तरीही साथ तितकीच मोठी झाली. म्हणजे प्रदूषण नसते तर साथ आलीच नसती, असे म्हणता येत नाही. दुसरीकडे, साथ केव्हा पोचते यालाही महत्त्व आहे असे दिसले. पिल्ले आणि केस गळण्याच्या हंगामात, सील वाळूवर दाटीने पडलेले असताना विषाणू आला तर तो झपाट्याने पसरतो. हंगाम सरल्यावर, सील समुद्रात पांगलेले असताना आला तर साथ मंद राहते. स्कॉटलंडला विषाणू दोन्ही वेळा उशिरा पोचला होता. करड्या सीलना मात्र लागण होऊनही त्यांच्यातले फारच थोडे मरतात आणि ते दूरदूर पोहत एका वसाहतीतून दुसरीत जातात. तेव्हा विषाणू वाहून नेण्यात त्यांचा हात असावा.

आता आपण आपल्या मूळ प्रश्नाचे उत्तर देऊ शकतो. सील मेले ते विषाणूमुळे. विषाणू टिकला तो ध्रुवाकडील मोठ्या समाजात. तो पसरला तो सीलच्या वाळूवर पडण्याच्या सवयीमुळे आणि करड्या सीलच्या भटकंतीमुळे. सीलचा समाज त्याला बळी पडण्याजोगा झाला होता तो प्रतिपिंडे नसल्यामुळे. आणि काही ठिकाणच्या सीलची प्रतिकारशक्ती विषारी माशांनी आधीच खच्ची केली असणे शक्य आहे. पण या शेवटच्या वाक्याला आपण ‘शक्य आहे’ एवढेच म्हणतो. पहिल्या वाक्याला ‘सिद्ध झाले आहे’ असे म्हणतो. प्रत्येक विधानामागे पुरावा किती भक्कम आहे ते वेगळे सांगणे, हे आम्हा संशोधकांचे कामच आहे.

आणखी एक वळण

या साऱ्यावरून कोणी भाकीत केले असते की, चौदा वर्षांनी, २०१६ च्या सुमारास, तिसरी साथ येईल. २०१४ मध्ये स्वीडन आणि डेन्मार्कच्या किनाऱ्यांवर, आनहोल्टवरही, पुन्हा सील मरू लागले तेव्हा भाकीत खरे ठरल्यासारखे वाटले. पण तपासणीत निघाला पक्ष्यांकडून आलेला इन्फ्ल्युएन्झाचा विषाणू. अनुभव मदत करतो, पण तपासणीची जागा घेऊ शकत नाही.

आणि पुढे याच जातीच्या दुसऱ्या विषाणूने कहर केला. एच-५-एन-१ या पक्षी-इन्फ्ल्युएन्झाने २०२२-२३ मध्ये दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावर हजारो समुद्रसिंह मारले. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये तो अर्जेंटिनाच्या वाल्देस द्वीपकल्पावरील हत्ती सीलच्या वसाहतींत शिरला. त्या हंगामात जन्मलेल्या पिल्लांपैकी सुमारे ९७ टक्के, म्हणजे १७ हजारांहून अधिक पिल्ले मेली. विषाणू सीलकडून सीलकडे पसरत असल्याच्या खुणाही दिसल्या. सस्तन प्राण्यांत असा सहज पसरू लागलेला इन्फ्ल्युएन्झा ही फक्त सीलची काळजी राहत नाही. १९७९-८० मध्ये अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर अशाच साथीत चारशेहून अधिक सील मेले होते, तेव्हा शवविच्छेदन करणाऱ्या काही जणांचे डोळे त्या विषाणूने आले होते. किनाऱ्यावरच्या सीलची नियमित मोजणी, रक्ततपासणी आणि मेलेल्या प्राण्यांची चिरफाड ही कामे म्हणूनच प्राणिप्रेमापुरती नाहीत. समुद्रात काय चालले आहे याची वर्दी तिथून मिळते.

वर्गासाठी

सीलची संख्या वर्षाला १२ टक्क्यांनी वाढते असे धरून, साथीत निम्मी झालेली संख्या पूर्ववत व्हायला किती वर्षे लागतील ते विद्यार्थ्यांना काढायला सांगावे. चक्रवाढीचे हे गणित सहा वर्षांच्या जवळपास येते. मग विचारावे : इतकी वर्षे पुरेशी असताना, दर चौदा वर्षांनी निम्मे सील मेले तर काय होईल? आणि वाढीचा दर ४ टक्केच असेल तर?

दुसरा प्रश्न घराजवळचा घ्यावा. गावच्या तळ्यात एका सकाळी मासे मरून तरंगताना दिसले. कोणी म्हणते कारखान्याचे पाणी, कोणी म्हणते कोणी विष टाकले, कोणी म्हणते पाण्यातला प्राणवायू संपला. प्रत्येक म्हणण्यासाठी, ते खरे असेल तर काय दिसायला हवे आणि खोटे असेल तर काय दिसायला हवे, हे गटागटाने लिहून काढावे. मासे पहाटे मेले की दुपारी? सगळ्या जातींचे की एकाच? बेडूक जिवंत आहेत का? कालच्या पाण्याचा नमुना कोणाकडे आहे का? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर बहुधा ‘नाही’ असेच येईल. मग शाळेनेच महिन्यातून एकदा तळ्याच्या पाण्याचे तापमान, रंग, वास आणि दिसलेले जीव वहीत नोंदवायला काय हरकत आहे? सगळे ठीक असतानाच्या नोंदी हाताशी असल्या, तरच बिघडले तेव्हा काय बिघडले हे सांगता येते.